उडालेले टवके

दर वर्षी दिवाळी जवळ आली की संपादकांचे पत्र येते, 'आपले सदर नेहमीप्रमाणे, पण जरा खुसखुशीत असू द्या.' खुसखुशीत म्हणजे नेमके काय, हे आजवर कोणत्याही संपादकाने मला सांगितलेले नाही. चिरोटे खुसखुशीत असतात, शंकरपाळेही असतात. पण ज्या माणसाने वीस वर्षे 'प्रयोग ओळखा' आणि 'समास सोडवा' यांत घालवली, त्याच्या लेखणीतून हे पदार्थ कसे निघावेत? म्हणून मी आपला वर्षभर जमवलेला डबा उघडतो. त्यात कात्रणे असतात, लग्नपत्रिकांच्या पाठीवर केलेली टिपणे असतात आणि उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्यांवर खरडलेल्या ओळी असतात.

या डब्याविषयी सांगलीच्या एका वाचकाने मला कार्ड टाकून विचारले होते, 'महाशय, आपण मराठीचे प्राध्यापक आहात की भंगारवाले?' प्रश्न रास्त आहे. यंदाच्या डब्यात तर काच, अंतराळयाने आणि परदेशी खाणावळींच्या जाहिरातींतली सोंगे असा तिरपागडा माल निघाला. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असे मला प्रथम वाटले नव्हते. पण टिपणे चाळता चाळता एक शब्द सारखा आडवा येऊ लागला. तो शब्द म्हणजे टवका.

टवका हा फार नेमका शब्द आहे. तो कपबशीचा उडतो, भिंतीच्या रंगाचा उडतो, पाटीच्या कोपऱ्याचा उडतो. तुकडा आणि टवका यांत फरक असा की तुकडा आपण उचलून बाजूला ठेवतो, कधी तरी चिकटवू म्हणून. टवका केरात जातो.

आधी काचेविषयी. वितळलेल्या काचेचा एक थेंब गार पाण्यात पडू दिला, तर त्याला बेडकाच्या पिलासारखा आकार येतो, फुगीर डोके आणि निमुळती शेपटी. त्याच्या डोक्यावर हातोडी मारा, तो फुटत नाही. शेपटीचे टोक मात्र नुसते बोटाने मोडा, सबंध थेंबाचा फाटकन भुगा होतो! सतराव्या शतकात युरोपातल्या दरबारांत ही मोठी करमणूक होती. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा आतेभाऊ राजपुत्र रूपर्ट याने हे थेंब इंग्लंडात आणले आणि राजाने १६६१ साली ते रॉयल सोसायटीच्या विद्वानांपुढे टाकले. सांगा म्हणाला, हे काय आहे! विद्वानांनी डोके खाजवले. रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या सूक्ष्मदर्शकावरच्या ग्रंथात त्याचे बरेचसे बरोबर स्पष्टीकरण दिले. थेंबाची बाहेरची साल पाण्यात पडताक्षणी घट्ट होते. आतली काच मागाहून निवते, आकसू पाहते आणि सालीला आतल्या बाजूला ओढून धरते. त्यामुळे साल दाबली जाते, आणि दाबलेल्या काचेत तडा शिरू शकत नाही. शेपटीच्या वाटेने तो एकदा का आत शिरला की मात्र सगळी ओढाताण एकदम मोकळी होते.

हे मोजायला पुढे तीन शतके लागली. १९९४ साली चंद्रशेखर आणि चौधरी या दोन शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिले, तर तडा सेकंदाला दीड किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने शेपटीकडून डोक्याकडे धावत होता. २०१६ साली त्याच चंद्रशेखरांनी एस्टोनियातल्या संशोधकांबरोबर सालीतला दाब मोजला. तो आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे सात हजार पट निघाला. मोटारीच्या बाजूच्या खिडकीची काच फुटली की तिचे साखरेसारखे दाणे होतात, ते याच युक्तीने. आपल्याकडे अशा स्वभावाची माणसे पुष्कळ असतात, पण तो विषय वेगळा.

काच म्हटली की मला कंदिलाची काच आठवते. माझे बालपण भारनियमनाच्या काळातले. संध्याकाळी राखेने काच पुसायची, फडक्याने लख्ख करायची आणि पेटवल्यावर तिच्यावर पाण्याचा थेंब उडणार नाही याची काळजी घ्यायची. थेंब उडाला की 'टिच्' असा आवाज येई आणि तडा जाई. कारण सोपे आहे. तापलेली काच फुगलेली असते, थेंबाखालची तेवढीच जागा एकदम आकसते, आणि शेजारची काच तिला सोडायला तयार नसते.

त्या कंदिलांवर पुष्कळदा 'प्रभाकर' हे नाव असे. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या कारखान्यात ते बनत. महाराष्ट्रातल्या काचधंद्याची मुळे मात्र त्याही आधी, तळेगावात, रुजली होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. एकेक पैसा म्हणजे त्या काळीही टवकाच. आज त्या पैसाफंडाची गोष्ट माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी एकाला ठाऊक नव्हती. मुलांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या कोणत्याच पुस्तकात ती नव्हती.

काच तापली तरी फुगू नये यासाठी जगभर खटपट चालली होती. १९१५ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने पायरेक्स नावाची काच बाजारात आणली. ती साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच फुगे. त्याच कंपनीने पुढे जवळजवळ अजिबात न फुगणारी काच बनवली आणि तिच्यापासून हबल दुर्बिणीचा २.४ मीटर रुंदीचा आरसा घडला. कंदिलाची काच आणि हबलचा आरसा यांची घरची कुंडली एकच, एवढेच मला म्हणायचे आहे.

हा आरसा घासून तयार व्हायला वर्षे लागली. मानवी हातांनी तोवर इतका गुळगुळीत पृष्ठभाग क्वचितच केला असेल. १९९० च्या एप्रिलात दुर्बीण वर गेली, पहिली छायाचित्रे आली आणि शास्त्रज्ञांची तोंडे उतरली. तारे पुसट दिसत होते. आरसा गुळगुळीत होता, पण चुकीच्या आकाराचा. त्याची कड हवी त्याहून सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट झाली होती. म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढी!

चौकशी झाली. आरशाचा आकार तपासण्यासाठी जे उपकरण वापरले, त्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर बाजूला बसले होते. का बसले? अंतर मोजण्याच्या एका दांडीच्या टोकावर टोपी होती. टोपीवर काळा रंग होता, उजेड परतू नये म्हणून. त्या रंगाचा एक टवका उडाला होता. मापणारा प्रकाशकिरण दांडीच्या टोकावरून परतायचा तो टोपीच्या उघड्या पडलेल्या धातूवरून परतला आणि माप चुकले. पुढचा भाग मला अधिक बोचतो. दुसऱ्या दोन साध्या चाचण्यांनी 'आरशात खोट आहे' असे त्याच वेळी सांगितले होते. पण त्या चाचण्या कमी दर्जाच्या, म्हणून त्यांची साक्ष बाजूला टाकली गेली. मोठे उपकरण चुकणार नाही, असे सगळ्यांनी धरून चालले.

यावर उपाय सुचला तोही एका न्हाणीघरात. जेम्स क्रॉकर नावाचा अभियंता जर्मनीतल्या हॉटेलात आंघोळीला उभा होता. तिथला फवारा दांडीवर वरखाली सरकणारा आणि हवा तसा वळणारा होता. त्यावरून त्याच्या मनात आले की अशाच दांड्यांवर छोटे आरसे बसवून ते प्रकाशाच्या वाटेत सरकवले तर? नाण्याएवढ्या दहा आरशांचा तो संच १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन बसवला. हबलला चष्मा लागला आणि तारे स्वच्छ दिसू लागले. आर्किमिडीजपासून आजपर्यंत न्हाणीघराने विज्ञानाची केलेली सेवा लक्षात घेता, प्रयोगशाळांच्या अनुदानातला काही भाग नळजोडणीकडे वळवायला हरकत नाही.

रंगाच्या टवक्याचा आणखी एक पराक्रम त्याआधीचा आहे. १९८३ साली चॅलेंजर यान पृथ्वीभोवती फिरत असताना त्याच्या पुढच्या काचेवर खळगा पडला. परत आल्यावर तपासले, तर कुठल्याशा यानावरून सुटलेला रंगाचा एक कण, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, तिच्यावर आदळला होता. त्या उंचीवर कणही बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी वेगाने धावतो. खिडकी बदलावी लागली. खाली आपण भिंतीचे पोपडे केरसुणीने गोळा करतो. वर त्यांना केरात टाकणारे कोणी नाही, ते फिरतच राहतात.

चंद्रावर गेलेली माणसे अंगात काच घालून गेली होती, हे आपणांस ठाऊक आहे काय? जानेवारी १९६७ मध्ये अपोलो-१ यानात जमिनीवरच्या चाचणीत आग लागली आणि तीन अंतराळवीर मेले. त्यानंतर पोशाखाचे बाहेरचे अस्तर काचतंतूंच्या कापडाचे केले, न पेटणारे, वर टेफ्लॉनचा लेप दिलेले. हे पोशाख शिवले ते बायकांची अंतर्वस्त्रे विकण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या प्लेटेक्स कंपनीच्या घरातल्या शिंपिणींनी. आर्मस्ट्राँगचे छायाचित्र सबंध जगाने पाहिले. त्या टाक्यांवर ज्यांचा हात फिरला त्या बायका घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्या असतील.

आणि तिकडून परत आली तीही काच. १९७२ च्या डिसेंबरात अपोलो-१७ मधला हॅरिसन श्मिट चंद्राच्या राखाडी धुळीत चालत असताना त्याला नारिंगी माती दिसली. चंद्रावर गेलेल्या बारा जणांत भूगर्भशास्त्रज्ञ तो एकटाच. त्यामुळे त्याला वेडे व्हायला झाले आणि ते योग्यही होते. ती माती म्हणजे काचेचे बारीक मणी होते, साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी चंद्रावर उसळलेल्या लाव्ह्याच्या कारंज्यातले. मणी पृथ्वीवर आले, तपासले गेले, कोरडे ठरले, कपाटात गेले. २००८ साली नव्या उपकरणाखाली ते पुन्हा ठेवले, तेव्हा त्यांत पाण्याचा अंश सापडला. चंद्रावरून आणलेल्या मालातले काही नमुने तर मुद्दाम सीलबंद ठेवले होते, पुढच्यांकडे अधिक चांगली उपकरणे असतील म्हणून. त्यांतली एक नळी २०२२ साली उघडली. ज्यांनी ती बंद केली त्यांतले पुष्कळ जण तोवर वारले होते.

हबलला चष्मा लागला म्हटले, त्यावरून दुसरा एक चष्मा आठवला. तो हरवलेला आहे. अमेरिकेतल्या केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानांवर एका गोऱ्या, पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचे चित्र असते. हा हार्लंड सँडर्स खराखुरा माणूस होता (१८९० ते १९८०), कर्नल मात्र मानद. जपानात त्याचे पुरुषभर उंचीचे पुतळे दुकानांपुढे उभे असतात. १९८५ च्या ऑक्टोबरात ओसाकाचा आवडता बेसबॉल संघ हानशिन टायगर्स लीग जिंकला. आनंदाने बेभान झालेली मंडळी पुलावर जमली, एकेका खेळाडूचे नाव पुकारू लागली, आणि त्याच्यासारखा दिसणारा गडी कालव्यात उडी घेऊ लागला. रँडी बास या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूसारखा कोणी मिळेना. मग शेजारच्या दुकानापुढचा कर्नल उचलला आणि दिला पाण्यात!

त्या वर्षी संघाने सबंध जपानचे विजेतेपद मिळवले, पण त्यानंतर ते त्याच्या हाती लागेना. लोक म्हणू लागले की कर्नलचा शाप आहे. २००९ च्या मार्चमध्ये कालव्याच्या कामात पुतळा सापडला. आधी धड, दुसऱ्या दिवशी पाय आणि उजवा हात. डावा हात आणि चष्मा काही मिळाला नाही. जाणकारांनी लगेच सांगितले की चष्मा मिळेपर्यंत शाप पुरता सुटायचा नाही. संघाला पुढचे विजेतेपद २०२३ साली मिळाले, तब्बल अडतीस वर्षांनी. आणि २०२४ साली कंपनीने त्या जीर्ण पुतळ्याला साके वाहून, पूजा करून निरोप दिला. आपण गणपतीचे विसर्जन करतो, त्यांनी आधी विसर्जन केले आणि पूजा एकोणचाळीस वर्षांनी. उलटा क्रम, पण भाव तोच.

अशा चित्रांना आणि पुतळ्यांना मराठीत काय म्हणावे? सरकारी कोश 'बोधचिन्ह' म्हणतो, पण त्यातून बोध काय होतो? हिंदीवाले 'शुभंकर' म्हणतात. मी आपला 'सोंग' म्हणतो. दशावतारात येते तसे, रंग फासून आलेले, पोरांना हसवणारे आणि थोडे भिववणारेही. मॅक्डोनल्डचा विदूषक रोनाल्ड १९६३ साली वॉशिंग्टनच्या दूरचित्रवाणीवर पहिल्याने आला, तेव्हा त्याचे नाक कागदी पेल्याचे होते आणि डोक्यावर टोपी म्हणून खाण्याचा ट्रे. ते सोंग वठवणारा विलर्ड स्कॉट पुढे हवामानाचा अंदाज सांगण्याबद्दल देशभर प्रसिद्ध झाला. त्याच दुकानाचे आधीचे सोंग होते हॅम्बर्गरच्या डोक्याचा एक छोटा आचारी. त्याचे नाव 'स्पीडी', आणि पोटाच्या एका गोळीच्या जाहिरातीतल्या पोराचेही नाव 'स्पीडी'. खाणे आणि त्यावरचा उतारा एकाच नावाने विकला जावा, हे मला प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. दुकानाला तसे वाटले नसावे. १९७१ साली आलेला जांभळा ग्रिमेस तर मूळचा चार हातांचा चोर होता, पोरांची मिल्कशेक पळवणारा. मुले घाबरली म्हणून त्याचे दोन हात काढले आणि त्याला भोळा केला.

आमच्या दादरच्या वडापावला सोंग लागले नाही. त्याला चटणी पुरते.

एक सोंग खाणावळीचे नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. मिशेलिन टायरचा तो फुगीर पांढरा बिबेंडम १८९८ साली पहिल्याने भिंतीपत्रकावर आला, तेव्हा त्याच्या हातात पेला होता, आणि पेल्यात सरबत नव्हते, खिळे आणि फुटक्या काचा होत्या. रस्त्यातले सगळे काटेकुटे आमचे टायर गिळून टाकते, असा अर्थ. काचा पिणाऱ्या या गृहस्थाची कंपनी १९२६ पासून उपाहारगृहांना तारे वाटते आहे.

तारे म्हटले की पुन्हा आकाश आले. २००६ च्या नोव्हेंबरात त्याच कर्नलचा प्रचंड चेहरा अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात फरश्यांनी मांडला होता. ६५,००० फरश्या, ८७,५०० चौरस फूट. उपग्रहातून दिसावा म्हणून. त्याआधी २००० साली एका पिझ्झा कंपनीने रशियन अग्निबाणावर आपले चिन्ह रंगवून घेतले आणि पुढच्या वर्षी अंतराळस्थानकात पिझ्झा पोचवला. हे सगळे पैशाचे खेळ. त्यांच्यात मला रस कमी. पण खाणावळ आणि अंतराळ यांची एक गाठ पैशाविनाही पडली, आणि यंदाच्या डब्यातले सर्वांत मोलाचे टिपण तेच आहे.

१९६६ आणि ६७ साली अमेरिकेने चंद्राभोवती पाच याने फिरवली, लूनर ऑर्बिटर नावाची. माणूस उतरायच्या जागा हेरण्यासाठी. ती फोटो काढीत, फिल्म यानातच धूत आणि चित्र रेडिओवरून खाली धाडीत. खाली ते मोठमोठ्या चुंबकी फितींवर उतरवले जाई. लोकांनी पाहिल्या त्या त्यांच्या अस्पष्ट, पट्ट्यापट्ट्यांच्या प्रती. काम झाले, माणूस उतरला, फिती गोदामात गेल्या. पुढे त्या टाकून द्यायची वेळ आली, तेव्हा नॅन्सी इव्हान्स नावाच्या एका दफ्तरी काम करणाऱ्या बाई आडव्या आल्या. त्यांनी फिती टाकू दिल्या नाहीत. फिती वाचणारी यंत्रे तोवर भंगारात निघाली होती. तीही बाईंनी मिळवली आणि वर्षानुवर्षे आपल्या घरच्या गॅरेजमध्ये ठेवली. एकेक यंत्र कपाटाएवढे. घरच्यांनी काय बोलणी खाल्ली आणि ऐकवली असतील याची मला पूर्ण कल्पना आहे, कारण माझा डबा फक्त बुटांच्या खोक्याएवढा आहे.

२००७ साली डेनिस विंगो आणि कीथ काउइंग या दोघांना हे कळले. फिती आणि यंत्रे कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात आणली. जागा मिळाली ती केंद्राच्या आवारातली बंद पडलेली मॅक्डोनल्डची खाणावळ! जिथे बटाटे तळले जात, तिथे चंद्राच्या फिती रचल्या गेल्या. लोक त्या जागेला 'मॅकमून्स' म्हणू लागले. म्हातारे तंत्रज्ञ शोधून आणले, सुटे भाग जमवले, आणि २००८ च्या नोव्हेंबरात पहिले चित्र निघाले. २३ ऑगस्ट १९६६ या दिवशी चंद्राच्या कडेवरून घेतलेले आपल्या पृथ्वीचे. बेचाळीस वर्षे जे धुरकट दिसत होते, ते आता धारदार झाले. फितींवर ते पहिल्या दिवसापासून तसेच होते.

हे टिपण मी श्रावणात केले, आणि भाद्रपदात आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीची बैठक झाली. समितीपुढे विषय होता जुन्या नियतकालिकांचा. एकवीसशे अंक, काही कसर लागलेले, काही मलपृष्ठ नसलेले. नव्या संगणक कक्षाला खोली हवी होती. ग्रंथपाल मॅडमनी खरी नोंद वाचली, "गेल्या अकरा वर्षांत एकही अंक बाहेर गेलेला नाही." रद्दीचा भाव आधीच काढून ठेवला होता. यादीखाली समितीतल्या पाच जणांच्या सह्या व्हायच्या होत्या. चार झाल्या होत्या.

मी त्या गठ्ठ्यांतले काही अंक चाळले होते. कथा-कविता उत्तमच. त्यांतल्या नामवंतांच्या पुढे पुस्तकांत आल्या आणि वाचल्या. पण जाहिराती, वाचकांची पत्रे, पैसाफंडाचे हिशेब, कंदिलाच्या काचेची किंमत, हे कुठल्या पुस्तकात येणार? ते त्या कागदावरच आहे. पुढे कोणाला काय हवे असेल हे मला सांगता येणार नाही, ज्यांनी चंद्राचे मणी कपाटात ठेवले त्यांनाही सांगता आले नसते. मी सही केली नाही.

प्राचार्य सरांचा स्वभाव शांत. म्हणाले, "सर, भावना समजते. पण ठेवायचं कुठे?"

"जुन्या कँटीनमध्ये," मी म्हणालो. आमचे कँटीन तीन वर्षांपासून बंद आहे.

सगळे हसले. मग मी मॅकमून्सची गोष्ट सांगितली. भौतिकशास्त्राचे सर ऐकत राहिले, वाणिज्य विभागाच्या मॅडमनी घड्याळ पाहिले. प्राचार्य म्हणाले, "तो चंद्र होता हो. हे फाटके अंक आहेत. निम्म्यांची तर पानं सुटी झालीत."

तेव्हा मला पोर्टलंड पात्र आठवले आणि मी तेही सांगितले. रोमन कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी घडवलेले गडद निळ्या काचेचे, वर पांढऱ्या काचेत कोरलेली चित्रे असलेले, वीतभर उंचीचे पात्र. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये होते. १८४५ च्या फेब्रुवारीत विल्यम लॉइड असे नाव सांगणाऱ्या एका दारू प्यालेल्या तरुणाने दगडी शिल्प फेकून त्याचा चुराडा केला. मौज अशी की तेव्हाच्या कायद्यात पाच पौंडांवरच्या वस्तूच्या नासधुशीला शिक्षाच नव्हती. म्हणून त्याला दंड झाला तो पात्राभोवतीची साधी काचपेटी फोडल्याबद्दल, तीन पौंड. डबलडे नावाच्या कारागिराने तुकडे जोडून पात्र उभे केले. पण सदतीस बारीक टवके उरले. ते कुठेच बसेनात.

"मग टाकले?" ग्रंथपाल मॅडमनी विचारले.

टाकले नाहीत. एका पेटी बनवणाऱ्याकडे दिले, प्रत्येक टवक्याला एकेक खण अशी पेटी करायला. पेटी झाली, पण ज्याने करायला सांगितली तो गृहस्थ वारला आणि पेटी तिथेच राहिली. त्या घरातल्या चीजवस्तू पुढे निकालात काढताना ती निघाली. कोणाला काही उमगेना, पण ती केरात न टाकता १९४८ साली ओळख पटवायला म्हणून म्युझियममध्ये नेली. पात्र पुन्हा सोडवून जोडले, तेव्हा सदतीसपैकी तीनच टवके बसले. उरलेले परत ठेवून दिले. १९८८-८९ साली निजेल विल्यम्स यांनी नव्या गोंदाने तिसऱ्यांदा जोडणी केली. त्या वेळी त्यांतले जवळजवळ सगळे जागेवर गेले.

कोणी काही बोलले नाही. बाहेर घंटा झाली. प्राचार्यांनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली आणि पेन बंद केले.

"त्या कँटीनची किल्ली कुणाकडे आहे?" त्यांनी शिपायाला विचारले. मग माझ्याकडे वळून, "मांडण्यांना पैसे नाहीत, आधीच सांगतो. आणि छत गळतं."

किल्ली सापडली आहे. दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथपाल मॅडम, भौतिकशास्त्राचे सर आणि मी, असे तिघे मिळून छतावर डांबर घालणार आहोत. सांगलीच्या वाचकांना सवड असेल तर त्यांनीही यावे.